देखरेखीचा प्रश्न

१० सप्टेंबर २००६, बॉबलिंगेन

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांविषयी मला कधीच आदर वाटला नाही. साक्षीदार स्वतः, वकील स्वतः आणि न्यायाधीशही स्वतःच, असा खटला कोणत्या न्यायालयात चालतो? परंतु येथे मुलाकडे तीन महिने काढायचे आहेत, मला जर्मन येत नाही, आणि सोलापूरच्या बार रूममध्ये जे मी बोलून मोकळा होत असे ते ऐकायला येथे कोणी नाही. तेव्हा कागदाला त्रास देणे भाग आहे.

गौरांगने मला घरातील सर्वांत चांगली खोली दिली आहे. आकाराने लहान, परंतु खाली-वर होणारे मेज, पाच चाकांची उंच पाठीची खुर्ची, मान वाकवता येणारा दिवा आणि कुलपाचे पोलादी कपाट. बाप लिहिणारा-वाचणारा माणूस आहे याची जाणीव त्याला चाळिशीत झाली. खुर्चीवर बसून मी सुनेला, ऊर्मिलेला, तसे म्हणालोही : "चला, गौरांगला बापाची किंमत उशिरा का होईना कळली." ती हसली. गौरांग लगबगीने खिडकी उघडायला गेला.

मेजाला आणि खुर्चीच्या पाठीला क्रमांक छापलेली पांढरी चकती चिकटवलेली आहे. या देशात खुर्च्यांचीही शिरगणती होते असे दिसते.

१४ सप्टेंबर

ऊर्मिला मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहे. आज तिच्या नोकरीचे स्वरूप समजून घेतले, आणि ते समजण्याजोगे नाही असे माझे मत झाले. कंपनीने तिचा विभाग येथून उचलून ब्राउनश्वाइगला नेला आहे. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी घरी बसून काम करावे. याला 'टेलेआर्बाइट' म्हणतात. वेगळा कायदा नाही. कंपनी आणि 'बेट्रिब्सराट' म्हणजे कामगारांचे प्रतिनिधी मंडळ यांच्यातील करार आहे.

"म्हणजे तू नोकरीत आहेस, परंतु नोकरीवर नाहीस," मी म्हणालो.

"आल्झो, म्हणजे... नोकरीवर आहे ना बाबा. फक्त घरी आहे."

या वाक्यातील विसंगती तिला दिसली नाही. अभियंत्यांना तर्कशास्त्र शिकवत नाहीत.

प्रत्यक्षात ती स्वयंपाकघरात बसते. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला निवडायची पालेभाजी. ब्रेकचे आराखडे फ्रिजच्या डोक्यावर. ज्या मोटारींचे ब्रेक मेथीच्या जुडीशेजारी ठरतात त्यांत बसताना मी यापुढे विचार करीन.

१७ सप्टेंबर

रविवार. जेवताना मी माझ्या उमेदीतील विडीवालीचा खटला सांगितला. १९६३ साल. एक बाई सोलापुरात घरी बसून, मांडीवर सूप घेऊन, कारखानदाराच्या पानांच्या आणि तंबाखूच्या विड्या वळत असे. कारखानदाराने तिचे काम बंद केले. आपण त्याचे कामगार आहोत असा तिचा दावा. मी कारखानदाराचा वकील. माझी मांडणी एका ओळीची होती : जेथे मालकाची देखरेख नाही तेथे नोकरी नाही. उलटतपासणीत मी विचारले, "बाई, विड्या वळताना तुमच्यावर देखरेख कोण करीत असे?"

ती म्हणाली, "सासरा."

सगळे न्यायालय हसले. न्यायाधीशही हसले. दावा त्या हशातच संपला. पुढे संसदेने कायदा करून घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार ठरवले, परंतु संसदेला तर्काची सक्ती नसते.

गौरांगने ही हकीकत पूर्वी ऐकलेली असल्यामुळे तो वेळेआधीच हसला. ऊर्मिलेने विचारले, "मग पुढे काय झालं?"

"दावा फेटाळला गेला."

"दाव्याचं नाही बाबा. बाईचं."

"ते निकालपत्रात नसते."

"नाव काय होतं तिचं?"

"आता लक्षात नाही," मी म्हणालो. कथेतील मुद्दा सोडून पात्रांची विचारपूस करणे ही बायकांची जुनी खोड आहे.

नात ईप्सिता सात वर्षांची आहे. तिला मराठी कळते. उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. तिने काहीतरी म्हटले आणि आईने तिला दटावले. भाषांतर करायला कोणी तयार झाले नाही.

२३ सप्टेंबर

काल सकाळी न्हाणीघर अर्धा तास बंद होते. आतून ऊर्मिलेचा जर्मनमधील आवाज. ब्राउनश्वाइगच्या लोकांशी फोनवर बैठक सुरू होती म्हणे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या होत होत्या, दिवाणखान्यात मी आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिफिती ऐकत होतो, म्हणून बाई कमोडच्या झाकणावर बसून जर्मन उद्योगाचे प्रश्न सोडवीत होत्या.

मी सौम्यपणे म्हणालो, "घरात इतक्या खोल्या असताना न्हाणीघरच का?"

"तिथे आवाज चांगला येतो बाबा," ती म्हणाली.

शिस्त नाही, कचेरी नाही, वरिष्ठाची नजर नाही, आणि या प्रकाराला हे लोक प्रगती म्हणतात.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. ऊर्मिलेने एवढे मात्र जपले आहे. तिने संगणकाला हळद-कुंकू लावले, गौरांगच्या पान्यांच्या पेटीला लावले, ईप्सिताच्या रंगपेटीला लावले. मग माझ्या खोलीत आली आणि मेजाला व खुर्चीच्या पाठीला, बरोबर त्या चकतीवर, ठळक बोट लावून गेली. खुर्चीपुढे क्षणभर हातही जोडले.

सासऱ्याच्या आसनाला मान द्यावा हे तिला कोणी शिकवले असेल तर तिच्या आईचे कौतुक केले पाहिजे.

५ ऑक्टोबर

ऊर्मिलेच्या कंपनीचे लोक पुढच्या गुरुवारी घरी येणार आहेत. घरातील कामाची जागा करारातील अटींप्रमाणे आहे की नाही हे ते पाहणार. जागा पसंत पडली तर घरून काम कायम. न पडली तर एक नोव्हेंबरपासून ब्राउनश्वाइगला हजर व्हायचे किंवा राजीनामा द्यायचा. गौरांगची नोकरी येथे, ईप्सिताची शाळा येथे, आणि ब्राउनश्वाइग रेल्वेने निम्म्या दिवसाचा रस्ता. म्हणजे राजीनामाच. त्यासाठी ती आतापासून पांढरीफटक पडली आहे.

अधिकाऱ्याला घरात पाऊल टाकण्याआधी तिची संमती घ्यावी लागली, हे ऐकून मला हसू आले. ज्या पाहणीला पाहिले जाणाऱ्याची परवानगी लागते ती पाहणी कसली? तो पाहुणचार झाला.

त्याच गुरुवारी गौरांग मला गार्चिंगला धाडू इच्छितो. तेथे त्याचा मित्र सुधीर कोणत्याशा संशोधन संस्थेत आहे. "बाबा, मोठा कॅम्पस आहे, अणुभट्टी आहे, तुम्हाला आवडेल."

"मला अणुभट्टी आवडेल हा निष्कर्ष तू कोणत्या पुराव्यावरून काढलास?"

"बाबा, सुधीर सुट्टी टाकतोय तुमच्यासाठी."

"घरात परके अधिकारी येणार आणि घरातील वडीलधारा माणूस गावाला? मी हजर राहीन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर स्वयंपाकघरात पुष्कळ कुजबुज झाली. "तू सांग," "मी नाही, तू सांग," एवढेच ऐकू आले. कुजबुजीवर मी मत देत नाही.

११ ऑक्टोबर

ऊर्मिला दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, उद्या दोन तास तुमचं सामान आमच्या खोलीत ठेवू का? गादीसुद्धा. त्या लोकांना ही खोली दाखवायचीय."

प्रकार माझ्या ध्यानात आला. स्वयंपाकघर दाखवण्याची लाज वाटते, म्हणून माझी नीटनेटकी खोली आपली म्हणून दाखवायची. घर कोणाचे, खोली कोणाची, दाखवते कोण! तरीही मी संमती दिली. खोली दाखवण्यात खोटे काही नाही, फक्त तोंडाने खोटे बोलू नये. तसे मी तिला सांगितलेही. ती "हो बाबा" म्हणाली आणि माझी धोतरे उचलून घेऊन गेली.

१२ ऑक्टोबर

सर्व तपशील क्रमाने लिहितो.

दोघे आले. सुरक्षा पाहणारे हेर, म्हणजे जर्मनमधील श्रीयुत, क्यूबलर, टेप घेतलेले, उंच, खाकरणारे. आणि बेट्रिब्सराटच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, वेन्ट, पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. मी काळा कोट घालून बसलो होतो. क्यूबलरांनी मेजाची लांबी-रुंदी मोजली, खिडकीचा उजेड पाहिला, दिव्याची मान वाकवली. खुर्चीची चाके फिरवून पाहणारा अधिकारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एका गृहस्थाने पोटासाठी चाके मोजावीत याची मला थोडी कीवच आली.

मग त्यांनी कुलपाचे कपाट उघडले. त्यात कंपनीचे आराखडे असायला हवे होते. माझा चिवड्याचा डबा तेथेच राहून गेला होता.

ऊर्मिला घाईने काही बोलली. सगळे हसले. क्यूबलर माझ्याकडे वळून सौजन्याने इंग्रजीत म्हणाले, "छान खोली आहे. तुम्ही इथे राहत नाही ना, सर?"

प्रश्न गमतीने विचारला होता हे मला नंतर समजले. परंतु साक्षीदाराने प्रश्नाचा सूर पाहायचा नसतो, आशय पाहायचा असतो. मी म्हणालो, "राहतो. सप्टेंबरपासून ही माझी खोली आहे."

कोणी हसले नाही. फ्राऊ वेन्ट यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. क्यूबलरांनी खुर्ची वळवली आणि चकतीवरच्या लाल-पिवळ्या डागावर बोट ठेवून विचारले, "आमच्या खुर्चीला हे काय लागलंय?"

*आमच्या* खुर्चीला.

ऊर्मिलेने इंग्रजीत उत्तर दिले, बहुधा माझ्यासाठी. "आमच्याकडे वर्षातून एकदा आपापल्या कामाच्या अवजारांची पूजा करतात. मी माझ्या खुर्चीची केली."

मेज कंपनीचे, खुर्ची कंपनीची, दिवा कंपनीचा. खोली, करारानुसार, केवळ कामासाठी. सून मात्र सप्टेंबरपासून स्वयंपाकघरात.

निर्णय : चौदा दिवसांनी पुन्हा पाहणी. तोवर खोलीत कोणी झोपायचे नाही, कपाटात खाद्यपदार्थ नकोत, काम तेथेच झाले पाहिजे. तरी संशय राहिला तर घरून कामाची संमती रद्द.

मी खरे बोललो. त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नाही.

१३ ऑक्टोबर

गौरांग कधी आवाज चढवत नाही. आज चढवला.

"बाबा, एक शब्द गिळला असतात तर काय बिघडलं असतं? तिची नोकरी आहे ती! बार रूममधली चर्चा नाही!"

"मला कोणी सांगितले होते? खोली तिची आहे, खुर्ची तिची आहे, हे महिनाभर माझ्यापासून दडवले. ज्याच्यापासून वस्तुस्थिती दडवली त्या साक्षीदाराला दोष देता येत नाही."

हे बिनतोड होते. उत्तर ऊर्मिलेने दिले, कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता.

"त्याला मीच सांगू दिलं नाही बाबा. तुम्ही आलात, त्या खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, गौरांगला बापाची किंमत कळली. इतके खूश झाला होतात. मग कसं सांगायचं, की बाबा उठा, ती माझ्या ऑफिसची खुर्ची आहे?"

मी म्हणालो की मी उद्याच परतीचे तिकीट बदलून घेतो.

"तिकीट बदललंत तर मी खरंच रागावेन. तिकीट नका बदलू. खोली बदला."

हा युक्तिवाद नव्हता. तरी मी तिकिटाचा विषय सोडला.

१६ ऑक्टोबर

मी ईप्सिताच्या खोलीत हललो आहे. माझी गादी दोन अस्वले आणि एका पंख असलेल्या घोड्याच्या मध्ये आहे. सकाळी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ओपा, डू श्नार्क्स्ट!" ओपा म्हणजे आजोबा. उरलेले भाषांतर या वेळी तिनेच, घोरण्याचा आवाज काढून, करून दाखवले.

लिहायला मी स्वयंपाकघरातील मेजावर बसतो. उजेड बरा आहे. मेज मात्र जेवणाच्या उंचीचे आहे, लिहिण्याच्या नव्हे. तासाभरात मानेपासून कंबरेपर्यंत एकच कळ उठते. खुर्ची लाकडी, हात नसलेली. कुकरची शिट्टी बरोबर कानामागे होते. येथे बसून कोणी ब्रेकचे हिशेब करू शकेल हे मला तर्काने सिद्ध करता येणार नाही. परंतु ते झाले आहे, आणि ब्राउनश्वाइगहून एकही तक्रार आली नाही असे गौरांग म्हणतो.

न बोललेली तक्रार ही तक्रारच नव्हे, हे तत्त्व मी अनेक न्यायालयांकडून मान्य करून घेतले होते. येथे बसून त्याचे शब्द मला पूर्वीइतके सुबक वाटत नाहीत. मानेचा दोष असावा.

१८ ऑक्टोबर

ऊर्मिलेकडून संपूर्ण करार मराठीत करून घेतला. मसुदा अत्यंत ढिसाळ आहे. 'शक्यतो', 'योग्य', 'पुरेसा' हे शब्द पानोपानी. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असे लिहिले असते तर त्याला मी परत शाळेत पाठवले असते.

एक कलम तेवढे बांधेसूद आहे. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती सक्तीची.

"तू हे पाळतेस?"

"गेनाऊ, अगदी... म्हणजे, बहुतेक वेळा."

"पहाटे चार वाजता स्वयंपाकघरातील दिवा कोणाचा असे?"

तिने कराराचे पान उलटले. मी तो दिवा अनेकदा पाहिला होता आणि बाईला झोप लागत नसेल असे समजून कूस बदलली होती. मी झोपेत असेतो घर शांत, म्हणून ती त्या वेळी काम उरकत असे. हेही मला कोणी सांगितले नव्हते. मात्र या खेपेस मी तो मुद्दा मांडला नाही.

करार फालतू आहे. परंतु त्यावर तिची सही आहे, आणि सही केलेला फालतू करारही पाळावाच लागतो. आजपासून साडेसहाला काम बंद. तिला आठवण राहत नसेल तर मला राहील.

२० ऑक्टोबर

साडेसहाला दारावर काठी आपटली.

"पाच मिनिटं बाबा!"

"कलमात पाच मिनिटे नाहीत."

आतून हसण्याचा आवाज आला, मग संगणक मिटल्याचा. पहाटे साडेपाचच्या आधी दार उघडले तेव्हा तिला परत पाठवले. ईप्सिता आता माझ्या मागे लाकडी चमचा घेऊन फिरते आणि मी काठी आपटली की चमचा आपटते. दारात कोणी हसत असेल तर हुकमाचे वजन जाते, हे तिला समजावले. तिने मान डोलावली आणि पुन्हा आपटला.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. करंज्या भट्टीत भाजलेल्या. अशा करंजीला करंजी म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. चार खाल्ल्या.

२६ ऑक्टोबर

दुसरी पाहणी. मी स्वयंपाकघरातच बसून राहिलो. बोलावल्याशिवाय साक्ष द्यायची नाही असे ठरवले होते. दार उघडे असल्यामुळे खोली दिसत होती. क्यूबलरांनी कपाट उघडले. आराखडे. चिवडा नाही. आराखड्यांवर बोट फिरवून त्यांनी गठ्ठा उचलला, त्याखाली पाहिले. गादी कोठे आहे हे त्यांनी विचारले असावे, कारण ईप्सिताने त्यांचा हात धरून आपल्या खोलीत नेले आणि अस्वलांच्या मधली जागा दाखवली. तो उंच माणूस वाकून ती जागा पाहत होता आणि काळजीपूर्वक काही लिहीत होता. अस्वलांचीही नोंद झाली असल्यास मला आश्चर्य वाटणार नाही.

मग फ्राऊ वेन्ट यांनी ऊर्मिलेला दारातच थांबवून काही विचारले. ऊर्मिलेने स्वयंपाकघराकडे पाहून एका शब्दात उत्तर दिले. तिघेही मोठ्याने हसले.

ते गेल्यावर ती धावतच आली. "झालं बाबा! संमती कायम! ब्राउनश्वाइग नाही!" तिचे डोळे भरले होते. मी तिला पाणी दिले.

"शेवटी हसायला काय झाले?"

"काही नाही हो."

"मला समजले पाहिजे."

तिने पेला खाली ठेवला. "फ्राऊ वेन्ट म्हणाल्या, घरून काम करणारी माणसं जास्त राबतात, कुणाचं लक्ष नसतं. तुमच्या वेळेवर देखरेख कोण करतं?"

"मग?"

"मी म्हटलं, श्वीगरफाटर."

"म्हणजे?"

"सासरा."

ती माझ्याकडे पाहत होती. मी हसलो नाही. येथे एवढी नोंद पुरे.

२८ ऑक्टोबर

काल साडेसहाला दारावर काठी आपटली तेव्हा दार आधीच उघडे होते. ऊर्मिला आपल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे तोंड करून होती. संगणक सुरूच होता.

"बाबा, एक विचारू? त्या विडीवाल्या बाईचं नाव तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"नरसम्मा," मी म्हणालो. "नरसम्मा चिप्पा. साखर पेठेत राहत असे. निकालानंतर दोनदा माझ्या घरी आली होती. तुझ्या सासूने तिला चहा दिला होता. मी भेटलो नाही."

"त्या दिवशी तर म्हणालात, लक्षात नाही."

"त्या दिवशी तो प्रश्न अप्रस्तुत होता."

"आणि आज?"

मी तिला घड्याळ दाखवले. साडेसहा वाजून गेले होते.